पाना लागलेला बोल्ट

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर वाटेवर मोटारींची एक चाचणी झाली. वेगाची नव्हे, दमाची. एकूण ६२० मैल आणि वाटेत सहा घाट. फ्रँक नॉर्बरी नावाच्या एका इंग्रजाने तीत आपली रोल्स रॉइस उतरवली होती. गाडीचं नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी आणि फुफाटा. तरी गाडी धडपणे गेली, धडपणे आली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. हिंदुस्थानात रोल्स रॉइसचं बस्तान कसं बसलं हे सांगताना हा किस्सा हमखास निघतो. मी मोटार विम्याचा सर्व्हेयर. ठोकलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मला त्यात भलतीच गोष्ट दिसते. महाराजांनी घेतली ती गाडी कोरी नव्हती. आणि घेण्याआधी तिची ट्रायल किती झाली होती? हजार किलोमीटर! आज चाळीस-पन्नास लाखांची जुनी मर्सिडीज घेणारा माणूस सोसायटीभोवती एक चक्कर मारतो आणि ‘एसी मस्त आहे’ म्हणून टोकन देऊन मोकळा होतो.

निवृत्त झाल्यापासून माझा फोन बहुतेक याच कामासाठी वाजतो. ‘काका, एक गाडी बघायची होती, याल का?’ गाडी साधी असेल तर लोक आपल्या ओळखीचा मेकॅनिक नेतात. मला बोलावतात ते जर्मन गाडीसाठी, कारण तिथे चूक झाली तर दुरुस्तीचं एस्टिमेट बघून रक्तदाब वाढतो. अशा वेळी मी जी वही घेऊन जातो तिच्यातली यादी कुठल्या पुस्तकातून उतरवलेली नाही. तिच्यातलं एकेक कलम कोणीतरी गंडल्यावर वाढलेलं आहे. कुठलं कलम कधी आलं आणि का आलं हे लावत गेलं, की या धंद्याचा मुंबईतला इतिहास आपोआप समोर येतो.

संस्थानिकांच्या जमान्यात हे कलमबिलम नव्हतं. रोल्स रॉइससारखी गाडी विलायतेतल्या कारखान्यातून नुसती चेसी म्हणून निघायची आणि वरची बॉडी दुसराच कारागीर राजेसाहेबांच्या हौसेप्रमाणे बांधायचा. राजवाड्यात मोटारखाना, मोटारखान्यात पगारी मेस्त्री. अशी गाडी विकायची वेळच येत नसे. आली तर दुसऱ्या दरबाराकडे जायची आणि तिथे भावाची घासाघीस कोण करणार! कोल्हापूरची १९३६ ची मेबॅक अजूनही दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांसमोर येते. ती राजघराण्याकडेच राहिली. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. संस्थानं विलीन झाली, १९७१ साली तनखेही बंद झाले आणि मग ठिकठिकाणच्या मोटारखान्यांची कुलपं निघाली. दलाल, हौशी संग्राहक, परदेशात माल पाठवणारे, सगळे धावले. पुढे सरकारने जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली तेव्हा ही गळती थांबली.

या गाड्यांनी धंद्याला पहिला धडा दिला, आणि तो आमच्या मेस्त्रींनी मला शिकवला. गावदेवीच्या एका गॅरेजात मी त्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. माणूस मालवणचा, बोलणं कमी, आणि बोलले की माशाच्या भावासारखं एकदाच. राजवाड्यातली गाडी म्हणजे फिरलेली कमी, म्हणून लोक उड्या टाकायचे. मेस्त्री म्हणायचे, ‘चलती गाडी बोलता, उबी गाडी फसयता.’ उभ्या गाडीचं रबर कडक होतं, ब्रेक जाम होतात, पेट्रोलची टाकी आतून गंजते, तारा उंदीर खातात. त्या काळच्या बॉडीला आत लाकडाचा सांगाडा असायचा. वरून पत्रा चकाचक आणि आत वाळवी. दार उघडून ते हलकेच वर उचलायचं. बिजागरीजवळ दार लटलटलं, तर आतलं लाकूड गेलं. हे कलम मधली कित्येक वर्षं माझ्या वहीत नुसतं पडून होतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर ते पुन्हा वर आलं. दीड-दीड वर्षं बेसमेंटमध्ये उभ्या राहिलेल्या गाड्या ‘फक्त अकरा हजार किलोमीटर’ म्हणून विकायला निघाल्या. लाकडाचा सांगाडा आता नाही, उंदीर मात्र तेच आहेत.

दुसरा काळ टंचाईचा. आजच्या पिढीला सांगूनही खरं वाटत नाही, पण एके काळी अमेरिकन गाड्या मुंबईतच जुळवल्या जात. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली कारखाना काढला होता. फोर्डही मुंबईत होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसते सुटे भाग आणून जोडायचे दिवस संपले, खरं उत्पादन इथे करणार असाल तर राहा. दोघांनीही गाशा गुंडाळला. मग उरली अँबॅसिडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फिएट आणि मद्रासची स्टँडर्ड. बाहेरच्या गाडीवर जकात एवढी, की मोठी विलायती गाडी पाहिजे तर ती कोणीतरी वापरून सोडलेलीच घ्यावी लागे. वकिलातींचे साहेब बदली होऊन जाताना आपल्या गाड्या ठेवून जात आणि त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघत. सिनेमावाल्यांच्या ज्या इंपाला बघायला लोक बंगल्याबाहेर उभे राहत, त्यांतल्या कितीतरी अशाच कोणाच्या तरी हातून आलेल्या होत्या. म्हणजे आपल्याकडे ऐश्वर्याची खूण मानली गेलेली गाडीसुद्धा बरेचदा सेकंडहँडच होती, फक्त तसं कोणी म्हणत नसे.

लिलावाच्या गाडीची ट्रायल मिळत नसे. डोळ्यांनी बघायची आणि आकडा टाकायचा. त्यामुळे त्या काळचा जाणकार माणूस गाडीत काय आहे ते बघतच नसे; काय नाही ते बघायचा. हेडलाइटची काच शाबूत आहे का, क्रोमची पट्टी पूर्ण आहे का, पुढच्या वळणदार काचेला बारीकशीही चीर नाही ना. इंजिन इथला मेस्त्री कसंही बांधून देईल, पण इंपालाची समोरची काच फुटली तर ती आणायची कुठून? ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी, मग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, मग कोणी बोटीवरून येणारा गाठायचा. एका काचेपायी गाडी वर्षभर ताडपत्रीखाली बसलेली मी पाहिली आहे.

१९७३ साली तेल भडकलं आणि या गाड्यांचे भाव कोसळले. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी पोसायची कोणी? मग आली डिझेल इंजिनं. डॉज, प्लिमथ, शेवरोले, जी मिळेल तिच्यात पर्किन्सचं इंजिन बसवायचं. वरून राजेशाही थाट, आणि चालू केली की टेम्पोचा आवाज! काहींनी आरटीओत इंजिन बदलल्याची नोंद केली, बऱ्याच जणांनी केली नाही. त्यामुळे ‘आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघणे’ हे कलम आलं. मेस्त्री त्यासाठी खिशात फडकं आणि रॉकेलची छोटी बाटली ठेवायचे. मी रॉकेलच्या जागी स्प्रे वापरतो, एवढाच फरक.

ऐंशीच्या दशकात गल्फहून परतणारे लोक ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत गाड्या आणू लागले. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या उपनगरांत डाव्या स्टिअरिंगच्या टोयोटा आणि मर्सिडीज दिसू लागल्या. गाडी बहुधा झकास असायची, लफडं कागदांत. सवलतीत आणलेली गाडी ठरावीक मुदतीपर्यंत विकायची नाही, अशी अट असे, आणि आणणारा माणूस कित्येकदा फक्त नावाचा. पासपोर्ट त्याचा, पैसा दुसऱ्याचा, गाडी तिसऱ्याच्या दारात. एक दिवस कस्टमचे लोक येऊन गाडी घेऊन गेले की तिसरा बोंबलायचा. त्या काळात मोठी गाडी बघायला जाणाऱ्याने बोनेट उघडायच्या आधी बिल ऑफ एन्ट्री मागायची, हा रिवाज पडला. मी तो अजून पाळतो. बाहेरून तयार होऊन आलेली गाडी असेल आणि कस्टमचा कागद ‘नंतर देतो’ म्हणत असतील, तर मी चहा पिऊन उठतो.

मधल्या देशी ‘लक्झरी’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९८४ ला काँटेसा आली, १९८५ ला स्टँडर्ड २०००. दुसरीचा साज ब्रिटिश रोव्हरचा आणि पोटात जुनाट इंजिन. विकत घेणाऱ्यांनी पुढे काय भोगलं ते त्यांनाच विचारावं.

खरा बदल १९९५ चा. टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जुळायला लागली. पुढे १४ वर्षांनी कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. पुण्या-मुंबईच्या कारखानदारांनी, बिल्डरांनी, डॉक्टरांनी या गाड्या घेतल्या आणि चार-पाच वर्षांनी त्या विकायला निघाल्या. इथे जुनी विद्या तोकडी पडली. गाडी जुनी आहे की फार वापरलेली आहे, हे ओळखायची आमची रीत अशी होती: स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का, पॅडलचं रबर झिजलंय का, ड्रायव्हरच्या सीटची कड दबलीय का. या गाड्यांत ड्रायव्हरच्या सीटवर टॉवेल असतो, स्टिअरिंगवर कव्हर असतं आणि पॅडलचं रबर दोनशे रुपयांत नवं मिळतं. साहेब बसतात मागे, डावीकडे. तेव्हा गाडीचं वय मागच्या डाव्या सीटवर वाचायचं. तिथलं चामडं सुरकुतलंय का, दाराच्या हाताळ्याजवळ अंगठीचे ओरखडे आहेत का, हात टेकायच्या जागेवर घड्याळाच्या पट्ट्याने घासलंय का, पुढच्या सीटच्या पाठीला बुटांचे डाग आहेत का. मीटर चाळीस हजार सांगतंय आणि मागची डावी सीट दमलेली आहे, तर मी सीटवर विश्वास ठेवतो.

आणि ड्रायव्हर! आलिशान गाडीचा खरा सर्व्हिस रेकॉर्ड त्याच्या डोक्यात असतो. मालकासमोर तो बोलणार नाही. त्याला ‘चला, जरा टायरमध्ये हवा बघून येऊ’ म्हणून पंपावर न्यावं आणि गाडीबद्दल काहीएक न विचारता त्याच्या गावाबद्दल विचारावं. एक ड्रायव्हर मला साताऱ्याच्या ऊसतोडीबद्दल सांगता सांगता एकदम म्हणाला, ‘साहेब, खंडाळ्याला एसी चालू ठेवून चढवा.’ बस्स, एवढंच. आम्ही चढवली. अमृतांजन पुलाजवळ काटा लालकडे झुकला. रेडिएटरचा नव्हे, हेड गॅसकेटचा प्रकार होता. सपाट रस्त्यावर तो कधीच कळला नसता. नॉर्बरीसाहेबाला घाटातच का जावंसं वाटलं असेल, ते तेव्हा उमगलं.

आता २००५ कडे येतो, कारण माझ्या वहीची निम्मी पानं त्या एका दिवसाने लिहिली. २६ जुलै. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुर्ला, कलिना, मिठीच्या काठचा सगळा पट्टा पाण्यात. दुसऱ्या दिवसापासून आम्हा सर्व्हेयर लोकांना जेवायला वेळ नव्हता. गाड्या एकमेकींवर चढलेल्या, काहींच्या छपरावर गाळ. आलिशान गाड्यांचं दुखणं वेगळंच निघालं. साध्या गाडीत घोट्याएवढं पाणी शिरलं तर गालिचा वाळवून माणूस कामाला जातो. मोठ्या जर्मन गाडीत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली, काही कंट्रोल मोड्यूल सीटखाली, काही डिकीच्या तळात. घोट्याएवढ्या पाण्यात तिचा मेंदूच बुडायचा. वर मालकांनी पाणी ओसरल्यावर पहिलं काम केलं ते चावी फिरवण्याचं. सिलिंडरमध्ये पाणी, पाणी काही दाबलं जात नाही, मग वाकतो कनेक्टिंग रॉड. हे नुकसान पुरामुळे झालं की चावी फिरवल्यामुळे, यावर विमा कंपन्या आणि मालक यांच्यात जे वाद झाले त्यांच्या फायली मी वाहिल्या आहेत. इंजिनासाठी वेगळं वाढीव संरक्षण विकायला लागले ते पुढे, अशाच भांडणांतून शहाणे होऊन.

पण घेणाऱ्याशी संबंध येतो तो पुढच्या टप्प्याचा. विम्याचा नियम असा, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या जाहीर विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा सॅल्व्हेज म्हणून विकला जातो. सॅल्व्हेजबरोबर आरसीही जायची. कायद्याने नोंदणी रद्द करता येते, पण व्हायची किती? दोन-तीन महिन्यांत तीच गाडी दुसऱ्या शहरात नवे गालिचे, धुतलेली चामडी आणि चंदनाचा वास घेऊन उभी. मी स्वतः ‘टोटल’ म्हणून सही केलेली एक काळी सेदान मला दुसऱ्या एका जिल्ह्याच्या गावी ‘डॉक्टरची गाडी, एकहाती’ म्हणून दाखवण्यात आली होती. चेसी नंबरचे शेवटचे चार आकडे माझ्या डोक्यात होते. विकणारा माणूस मला गाडीतल्या स्पीकरचा आवाज ऐकवत होता.

तेव्हापासूनची रीत अशी. आत बसल्यावर आधी नाक. सुगंध जास्त असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं; ओला गालिचा चंदनाला पुरून उरतो. मग सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढायचा. रोज वापरात येतो तेवढा पट्टा लोक धुतात, आतली गुंडाळी धूत नाहीत. पाणी जिथवर आलं होतं तिथे मातकट रेघ दिसते. मग सीट पुढे सरकवून तिचे रूळ आणि खालचे बोल्ट बघायचे. तिथे गंज चढायला पूरच लागतो. चहा सांडून तिथे गंज येत नाही. डिकीतलं जादा चाक काढून त्या खळग्याच्या तळाला बोट फिरवायचं. हेडलाइटच्या आत खालच्या बाजूला पातळ पापुद्रा दिसतोय का. आणि धीर असेल तर डॅशबोर्डखालचा एखादा जोड सोडवून पिनांवर हिरवट चूर्ण आहे का ते बघायचं. या सगळ्याला अर्धा तास लागतो आणि बॅटरीशिवाय एकही यंत्र लागत नाही. २०१५ च्या चेन्नईच्या पुरानंतर हीच रीत पुन्हा उपयोगी पडली, कारण गाड्या फार लांब प्रवास करतात.

टोटल लॉसमधून आणखी एक धंदा निघाला, तो तर उघड गुन्ह्याचा. चेंदामेंदा झालेल्या गाडीचे कागद विकत घ्यायचे, त्याच रंगाची, त्याच मॉडेलची चोरीची गाडी मिळवायची, आणि मेलेल्या गाडीचा चेसी नंबर जिवंत गाडीवर ठोकायचा. कागद खरे, गाडी खोटी. त्यामुळे नंबर नुसता वाचून भागत नाही. नंबरावर पांढरा कागद धरून वरून शिसपेन्सिल घासायची आणि छाप घ्यायची, हे आरटीओतलं जुनं काम. छापेत जे दिसतं ते डोळ्यांना दिसत नाही: एखादा आकडा किंचित तिरपा, दोन आकड्यांमधलं अंतर कमीजास्त, खाली पूर्वीच्या ठशाची सावली. मग नंबराच्या आसपासच्या पत्र्यावर वेल्डिंगची शिवण आहे का ते बोटाने चाचपायचं. शिवाय काचेखालच्या पट्टीवरचा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा आणि स्कॅनरला मिळणारा, असे सगळे नंबर एकच आले पाहिजेत. त्यात काही जुळलं नाही तर भाव कितीही चांगला असो, तिथून निघायचं.

या लेखाला नाव दिलंय त्या बोल्टाबद्दलही सांगून टाकतो. बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना पुढच्या मडगार्डाचे बोल्ट दिसतात. कारखान्यात पत्रा बोल्टासकट रंगतो. त्यामुळे बोल्टाच्या कडांवरचा रंग अखंड असला पाहिजे. कडेचे टवके उडालेले दिसले म्हणजे बोल्टाला पाना लागलाय, म्हणजे मडगार्ड उतरवलंय, म्हणजे ठोकर झाली आहे. हल्ली रंगाचा थर मोजायचं यंत्र मिळतं. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा मारलेला दोन-तीनशेच्या घरात, आणि पुट्टी असेल तर आकडा हजारावर जातो. यंत्र चांगलं आहे, मीही घेतलंय. पण अॅल्युमिनियमचं बोनेट असलेल्या गाडीवर स्वस्तातलं यंत्र गोंधळतं, बोल्ट गोंधळत नाही. दरवाजाला टच-अप असेल तर मी काही म्हणत नाही. मुंबईत रिक्षा आहेत. पुढचा ॲप्रन आणि खांब मात्र मूळचेच हवेत.

कागदांतलं एक कलम फक्त सर्व्हेयरलाच सुचेल असं आहे. ‘गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही’ म्हणणाऱ्याकडे विम्याची चालू पॉलिसी मागावी आणि नो क्लेम बोनसचा आकडा बघावा. वर्षभर क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीवर बोनस शून्य असेल, तर नुकताच क्लेम झालाय किंवा मध्ये विमाच तुटला होता. दोन्हींचं उत्तर मागायचा हक्क आपल्याला आहे. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही. पण बातमी फुकट मिळते.

२०१० नंतर या गाड्यांचा पूर आला. त्या वर्षी ऑक्टोबरात औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर बातमी झाली. मला तेव्हाच वाटलं, आणखी पाच वर्षांनी मला मराठवाड्यात खेपा घालाव्या लागणार, लागल्याच. २०१५ मध्ये दिल्लीत हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत म्हटलं, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं, आणि दिल्लीच्या सात-आठ वर्षांच्या डिझेल जर्मन गाड्या इकडे यायला लागल्या. भाव एवढा उतरलेला, की नवी हॅचबॅक घ्यायला निघालेला माणूस जुन्या बीएमडब्ल्यूवर घसरतो. त्याच्या जोडीला पुदुच्चेरी पासिंगच्या गाड्या, कर वाचवण्यासाठी तिकडे नोंदवलेल्या. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि करही भरावा लागतो. हा खर्च दलाल सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, ‘कोणी पकडत नाही हो.’

मीटर मागे करणं पूर्वी तारेचं काम होतं, आता लॅपटॉपचं झालंय. पण या गाड्या बडबड्या असतात. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डाशिवाय आणखीही ठिकाणी नोंदलेला राहतो. बीएमडब्ल्यूच्या तर चावीतसुद्धा. डॅशबोर्डावर साठ हजार आणि गिअरबॉक्सच्या मोड्यूलमध्ये एक लाख चाळीस हजार, असं मी स्क्रीनवर दाखवलं तेव्हा एका विक्रेत्याने मला विचारलं, ‘काका, तुम्ही कोणाच्या बाजूने?’ शिवाय टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. वीस हजार किलोमीटर फिरलेल्या तीन वर्षांच्या गाडीला नवे चार टायर का लागले, हा प्रश्न शाळेतलं पोरही विचारेल.

स्कॅनर आल्यापासून पोरांना वाटतं, यंत्र लावलं की झालं. विकणारेही स्कॅनर बाळगतात. तुम्ही यायच्या आधी सगळे दोष पुसून ठेवतात. म्हणून मी वेळ सकाळची घेतो आणि आदल्या रात्रीपासून गाडी चालू करू नका म्हणून सांगतो. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर तळहात. कोमट लागलं तर ‘पुन्हा उद्या येतो’ म्हणायचं. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसलीय का, ते चारी चाकांवर बोटं मोजून बघायचं. एका बलूनचा खर्च ऐकला तर त्यात बरी स्कूटर येईल. मग थंड इंजिन चालू करायचं आणि पहिल्या पाच सेकंदांत चेनचा खुळखुळाट ऐकायचा; तो नंतर ऐकू येत नाही. तेलाचं झाकण उघडून धूर किती दाबाने येतोय ते बघायचं. डिझेल असेल तर पार्टिक्युलेट फिल्टर तुंबलाय का, कारण दादर ते लोअर परळ एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा तो तुंबणारच. शेवटी रॅम्प. रॅम्पला नाही म्हणणाऱ्याला मीही नाही म्हणतो.

हल्ली विजेवरच्या मोठ्या गाड्याही पुनर्विक्रीला यायला लागल्या आहेत, आणि माझी वही पुन्हा कोरी. तेलाचं झाकण नाही, धूर नाही, चेन नाही. किमतीचा मोठा भाग बॅटरीत, आणि ती मजल्याखाली सीलबंद. मी सध्या तीन गोष्टी मागतो: कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल, बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावे होते याचा कागद, आणि गाडी रॅम्पवर घेऊन तळाच्या पत्र्याला स्पीड ब्रेकरचा मार बसलाय का ते बघायची परवानगी. तिसरी सहज मिळते. पहिल्या दोन्हींसाठी विक्रेता म्हणतो, ‘काका, सगळं ऑनलाइन आहे.’ गेल्या महिन्यात ठाण्याला एकाने असंच सांगितलं. मी म्हटलं, मग प्रिंट काढा, मी थांबतो. सीटबेल्ट तोवर ओढून बघितला.